वारकऱ्याचा पाय

(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यात पाली येथे केलेले भाषण)



 आम्ही चौथी शिकलेले. भात लावायचा, भाजी पिकवायची आणि कुणी बोलावलं तर कीर्तनाला उभं राहायचं, एवढंच आम्हाला येतं. मंडळी म्हणाली, शंभर वर्षं झाली, काही आठवणी सांगा. आठवणी पुष्कळ आहेत. पण आज आम्ही एकाच गोष्टीवर बोलणार आहोत, ती म्हणजे वारकऱ्याचा पाय. आज अभंग लावणार नाही, चाल धरणार नाही. सरळ बोलणार आहोत. गोड मानून घ्या.

आमचे थोरले काका या दिंडीचे विणेकरी होते. जुन्या माणसांना आठवत असतील. आवाज असा की वाऱ्यातही शेवटच्या टाळकऱ्यापर्यंत पोचायचा. आम्ही दहा-बारा वर्षांचे असताना त्यांचा डावा पाय सुजू लागला. आधी घोट्यापाशी सूज यायची आणि रात्री झोपलं की उतरायची. मग ती उतरेनाशी झाली. वरचेवर थंडी वाजून ताप यायचा, पाय लालभडक व्हायचा, आणि ताप गेला की पाय आधीपेक्षा जाड दिसायचा. चार-पाच वर्षांत पायाचा खांब झाला. लोक म्हणाले, हत्तीपाय.

आता आपल्यात रीत काय आहे? वारकरी वारकऱ्याला भेटला की एकमेकांच्या पाया पडतात. तिथे लहान-मोठा नसतो. पण काकांच्या कुणी पाया पडायला वाकलं की ते तो पाय धोतराखाली ओढून घ्यायचे. एकदा आम्हीच वाकलो, तर म्हणाले, "यो पाय नको धरू रे पोरा, यो धरायचा पाय नाय." माउली, आम्ही आज साठी ओलांडली, पण ते वाक्य कानातून गेलेलं नाही.

लोक काय काय बोलायचे! कुणी म्हणे मागच्या जन्मीचं पाप, कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे घराण्यातच आहे, या घरात मुलगी देऊ नका. अंगारे झाले, लेप झाले, डाग देऊन झाले. शेवटी काकांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली आणि वारी बंद केली. आणि आम्ही? आम्हीही मनात पापच समजत होतो. चाळीस वर्षं तसंच समजत राहिलो.

मग खरं काय आहे ते ऐका. हत्तीरोग पापाने होत नाही, करणीने होत नाही, शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. तो डासामुळे होतो. दोऱ्यासारखा बारीक जंत असतो. तो आपल्या अंगात रसवाहिन्यांमध्ये राहतो. या रसवाहिन्या म्हणजे अंगातलं जादा पाणी वाहून नेणारे पाट. शेतातला पाट तुंबला की पाणी बांधाबाहेर पसरतं, तसं जंताने पाट बिघडवला की पाणी पायात साठतं. जंताची मादी असंख्य पिल्लं सोडते, ती रक्तात येतात. आणि त्यांची चलाखी बघा. दिवसा ती आत दडून बसतात आणि रात्री वरच्या रक्तात येतात, कारण त्यांना वाहून नेणारा डास रात्रीच चावतो. म्हणून तर आरोग्य खात्याची माणसं रक्त घ्यायला रात्री आठनंतर येतात.

डास ते रक्त पितो. पिल्लू डासाच्या अंगात दहा ते चौदा दिवस वाढतं. मग तोच डास दुसऱ्याला चावला की जंत तिकडे जातो. हे काही आजचं ज्ञान नाही. पॅट्रिक मॅन्सन नावाच्या डॉक्टराने चीनमध्ये राहून १८७७ साली दाखवलं की हा जंत डासाच्या अंगात वाढतो. मलेरियाचं डासाशी असलेलं नातंसुद्धा त्यानंतर कळलं. म्हणजे काका जन्मायच्या कितीतरी आधी हे जगाला ठाऊक होतं. आमच्या ओटीवर मात्र करणीच चालू होती.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. दुसऱ्याची सांगितली तर ती निंदा होईल.

काही वर्षांपूर्वी आम्ही लेकीच्या सासरी, पालघर जिल्ह्यात, सप्ताहाला गेलो होतो. आशाताई घरोघरी हत्तीरोगाच्या गोळ्या देत होत्या. म्हणाल्या, "बाबा, जेवण झालंय ना? मग माझ्यासमोर गिळा." आम्ही म्हणालो, आज एकादशी आहे. त्या म्हणाल्या, उपाशीपोटी घ्यायच्याच नाहीत, उद्या येते. दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या, तर आम्ही मागच्या दाराने शेतावर निघून गेलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. रात्री कीर्तनात उभं राहून बोललो, "ज्याचा पाय धडधाकट आहे त्याला गोळी कशाला? नामासारखं औषध असताना या गोळ्या कशाला?" मंडळी हसली. आम्हाला बरं वाटलं. त्या हसण्यामुळे त्या गावात किती जणांनी गोळ्या घेतल्या नसतील, हा हिशोब पांडुरंगापाशी आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच सप्ताह होता. कीर्तन आटोपून ओटीवर बसलो होतो, तर रक्त तपासणारे आले. सगळ्यांनी बोट पुढे केलं, म्हणून आम्हीही केलं. काचेच्या पट्टीवर थेंब घेतले आणि गेले. काही दिवसांनी लेकीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, तुमच्या रक्तात हत्तीरोगाची पिल्लं सापडली."

आमचा पाय बघा, माउली. तेव्हाही असाच होता. सूज नाही, ताप नाही, काही नाही. रोज शेतात राबत होतो, दिंडीत चालत होतो. डॉक्टरांनी समजावलं की बहुतेकांचं असंच असतं. जंत बऱ्याचदा लहानपणीच शिरतो, आणि सूज दिसली तर पुष्कळ वर्षांनी दिसते. तोवर माणूस ठणठणीत दिसतो, आणि त्याच्या रक्तातून डास पिल्लं उचलत असतात. कुठल्या गावचा डास आम्हाला चावला हे कुणीच सांगू शकत नाही. एका चाव्याने सहसा होत नाही, महिनोन् महिने, वर्षानुवर्षं डास चावत राहिले तर होतं. बारा दिवस गोळ्या घेतल्या. पहिले दोन दिवस अंग दुखलं, थोडा ताप आला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, आत पिल्लं मरतात त्याचा हा त्रास आहे. नंतरच्या तपासणीत रक्त स्वच्छ निघालं.

पण ज्या रात्री लेकीचा फोन आला, त्या रात्री झोप लागली नाही. कारण वेगळंच होतं. मोठा जंत अंगात पाच ते आठ वर्षं जगतो म्हणतात. तेवढ्या वर्षांत आम्ही वारीत किती मुक्काम केले? कुणाच्या ओटीवर, कुणाच्या शाळेत, कुणाच्या अंगणात झोपलो. आम्ही सकाळी उठून पुढे चाललो, पण रात्री आमचं रक्त प्यालेला डास मागेच राहिला. दोन आठवड्यांनी तो कुणाला चावला असेल? ज्या माउलीने चुलीवर आमच्यासाठी भाकरी भाजली तिला? तिच्या पाळण्यातल्या लेकराला? ज्या गावाने आपल्याला भाकरी दिली, त्या गावाला आपण काय देऊन गेलो?

म्हणून सांगतो, गोळी ही नुसती स्वतःच्या पायासाठी नसते. ती यजमान गावासाठी असते, दिंडीत शेजारी झोपणाऱ्यासाठी असते. "मला काही झालेलं नाही" असं जो म्हणतो, त्यानेच ती आधी घ्यावी. आम्ही तेच म्हणत होतो.

महाराष्ट्रातले १८ जिल्हे हत्तीरोगाच्या यादीत आले. आपला ठाणे त्यात आहे, पालघर आहे, गडचिरोली-चंद्रपूर, भंडारा-गोंदिया आहेत, आणि आपलं पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तो सोलापूरही आहे. या गोळ्या वर्षातून एकदा, मोहीम असेल तिथे, फुकट देतात. पंधरा वर्षांवरच्या माणसाला डीईसीच्या ३ गोळ्या आणि अल्बेंडाझोलची १ चावून खायची. काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन नावाची तिसरी गोळी उंची मोजून देतात. नागपूर जिल्ह्यात ती २०१९ पासून देऊ लागले. दोन वर्षांखालचं मूल, गरोदर बाई आणि फार आजारी माणूस यांना देत नाहीत. जेवून घ्यायची, देणाऱ्यासमोर घ्यायची. आमच्यासारखं मागच्या दाराने जायचं नाही. श्रीलंकेने हे काम नेटाने केलं आणि २०१६ साली हत्तीरोग तिथली सार्वजनिक समस्या राहिला नाही. आपल्या सरकारने २०२७ चं वर्ष धरलं आहे.

आता डासाचं. हत्तीरोगाचा डास घाण पाण्यात वाढतो. आम्ही लहान असताना पालीत विहिरी आणि बावखलं होती. आता वस्ती वाढली, घरोघरी संडासाच्या टाक्या आल्या, गटारं आली. टाकीच्या उभ्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. पाच मिनिटांचं काम आहे. टाकीच्या झाकणाला भेग असेल तर सिमेंट लावा. गटार तुंबू देऊ नका. साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडा. आणि दिंडीच्या सामानाच्या गाडीत तंबूबरोबर मच्छरदाण्या चढवा. मुक्कामी भांडी धुतलेलं पाणी दुसऱ्याच्या अंगणात सोडून येऊ नका. खड्डा करून जिरवा.

ज्यांचा पाय आधीच सुजला आहे त्यांना खरं सांगतो. जुनी सूज गोळीने जात नाही. पण ती वाढू न देणं आपल्या हातात आहे. तो थंडीताप भेगांतून, बोटांच्या बेचक्यांतून जंतू शिरल्यामुळे येतो. म्हणून रोज साबण आणि स्वच्छ पाण्याने पाय हळुवार धुवायचा, बोटांमधून कोरडा पुसायचा, चीर असेल तर डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायचं, बसताना-झोपताना पाय उशीवर उंच ठेवायचा, घोटा हलवत राहायचं, पायाला बसेल अशी मऊ चप्पल घालायची. आणि पुरुष मंडळींनो, अंडवृद्धीसुद्धा याच जंताने होऊ शकते. ती धोतराखाली लपवून आयुष्य काढू नका. शस्त्रक्रियेने ती बरी होते आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

काकांच्या शेवटच्या वर्षांत एका डॉक्टरांनी हे पाय धुणं शिकवलं. आमची मंडळी रोज संध्याकाळी त्यांचा पाय धुवायची. पाय बारीक झाला नाही, पण ताप यायचा थांबला. एका एकादशीला त्यांनी देवळापर्यंत वीणा गळ्यात घेतली. आम्ही पाया पडायला वाकलो तेव्हा त्यांनी पाय ओढून घेतला नाही. पुढच्याच वर्षी ते वैकुंठाला गेले.

दिंडीला शंभर वर्षं झाली. आम्ही दिंडीकडे एकच मागणं मागतो. यापुढे निघण्याआधी जसे टाळ मोजतो, पताका मोजतो, तसं एकमेकांना विचारा: गोळी घेतलीस का? मच्छरदाणी घेतलीस का? आणि वाटेत कुणाचा पाय सुजलेला दिसला तर आधी त्याच्या पाया पडा, मग त्याला दवाखान्यात न्या.

चुकलंमाकलं क्षमा करा, माउली. रामकृष्ण हरि.