औताचा घसारा धरतात, मातीचा कोण धरणार?

(भडगाव येथील जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलायचे नाही, वावराच्या मातीवर बोलायचे, असे ठरवून मी आलो आहे. पण मातीचा हिशेब मांडायला बसले की गाडी शेवटी भावाच्याच दारात उभी राहते. ती तशी राहिली तर दोष माझा नाही.

इथून चाळीसगावकडे, पुढे डोंगराकडे गेले की सातमाळा-अजिंठ्याची रांग लागते. माथे सपाट आणि अंगाला पायऱ्या. या पायऱ्या कोणी खोदल्या? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, तापलेला रस बाहेर आला आणि थरावर थर बसत गेले. टणक थराचा कडा उभा राहिला, मऊ थर झिजला. आपली विहीर खणताना आधी मुरूम लागतो, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. डोंगरात जे आडवे दिसते तेच आपण विहिरीत उभे उतरून पाहतो.

याच दगडाची माती झाली. डोंगराच्या पायथ्याला राहिली ती मुरमाड, वीतभर. उतारावर राहिली ती मध्यम. वाहत खाली आली ती नदीकाठची काळी. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीतून निघालेल्या गिरणेने ती आणून टाकली. म्हणून एका शिवारात एकाची दादर नुसत्या ओलीवर पिकते आणि वरच्या अंगाला दुसऱ्याची कपाशी पंधरा दिवसांच्या उघडीपीत माना टाकते. कष्ट दोघांचे सारखेच. फरक आहे तो मातीच्या जाडीचा.

ही माती किती जुनी? चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे गावी डॉ. साळी यांनी 1970 च्या दशकात उत्खनन केले. तिथे शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी निघाले, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. म्हणजे आज कपाशी आहे त्या मुलखात शहामृग चरत होते. गिरणेकाठी बहाळला 1950 च्या दशकात उत्खनन झाले. तिथे तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती सापडली. एवढ्या पिढ्यांनी ही माती खाल्ली, आणि ती आपल्या हाती आली.

आता या मातीची किंमत कोणी केली ते ऐका. शेतकऱ्याने नाही केली. 1847 साली विंगेट, गोल्डस्मिड आणि डेव्हिडसन या तीन साहेबांनी मोजणीचे नियम पक्के केले. वावरात खणायचे आणि माती किती खोल आहे ते हाताने मोजायचे. उत्तम प्रतीच्या काळ्या मातीचे कोष्टक असे होते. पावणेदोन हात माती असेल तर 16 आणे. दीड हात 14 आणे. सव्वा हात 12. एक हात 10. पाऊण हात 8. अर्धा हात 6. पाव हात साडेचार आणे. त्याशिवाय जमिनीचे दोष पाहायचे. उतार असेल तर प्रत खाली, पाण्याच्या लोंढ्याने माती धुपत असेल तर प्रत खाली.

1852 साली ही मोजणी खानदेशात आली. सारा वाढेल या भीतीने यावल, सावदा, फैजपूरकडचे शेतकरी उठले. सरकारने लष्कर आणले आणि मोजणी पुरी केली. त्या मोजणीतून आकार ठरला. सातबाऱ्यावर 'आकार' लिहिलेला आपण आजही पाहतो.

साहेब सारा वसूल करायला आला होता, आपल्या भल्याला नाही. पण एक गोष्ट त्याला कळली होती. जमिनीची किंमत म्हणजे मातीची खोली.

आता आपण साधे गणित करू. वर्षाला एक मिलिमीटर माती वाहून गेली असे धरा. नखाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त, डोळ्याला दिसतही नाही. पण एका एकरात ती पाच टन भरते. 1983 साली साऱ्या देशाचा सरासरी अंदाज निघाला तो हेक्टरी 16 टनांचा, म्हणजे याहून थोडा अधिकच. या चालीने पाव हात माती जायला सव्वाशे वर्षेसुद्धा लागत नाहीत. मोजणीच्या वेळी ज्याचे वावर एक हात खोल, म्हणजे दहा आण्यांचे होते, ते त्याच्या पणतवंडाच्या हातात आठ आण्यांचे झाले. दोन आणे कुठे गेले? कोणी चोरले नाहीत, कोणी जप्त केले नाहीत. जुलैच्या पावसात नाल्याने गेले.

आता सरकारी हिशेब पाहा. कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च काढतो. त्यात बियाणे, खत, मजुरी आहे. पूर्ण खर्चात औताचा घसारा आहे, भांडवलावरचे व्याज आहे, स्वतःच्या जमिनीचा खंडसुद्धा आहे. नांगर झिजतो हे आयोगाला कळते. नांगराखालची जमीन झिजते त्याचा रकाना नाही. कोणी म्हणेल, खंड धरला आहे ना? खंड हा जमीन वापरल्याचा मोबदला. खंडाने घेतलेले घर परत करताना भिंत पडली असेल तर भरपाई वेगळी द्यावी लागते.

ज्याला भाव पुरत नाही तो बांध घालत नाही. उसनवारी करून पेरणी करणारा माणूस जेसीबीचे भाडे कोठून देणार? तो उताराला उभी पेरणी करतो, कारण तास लांब मिळते आणि बैल कमी वळवावे लागतात. कपाशीची रोपे लांब लांब. जून-जुलैत मधली जमीन उघडी आणि पाऊस मात्र त्याच दिवसांत झोडपतो. दोष अज्ञानाचा कमी, खिशाचा जास्त.

सरकारने बांध घातले नाहीत असे नाही. 1942 च्या कायद्यापासून बंडिंग चालू आहे. पण मुरमाडाला जो बांध तोच खोल काळीला घातला. काळीत पाणी जिरत नाही, बांधाशी तुंबते आणि पीक पिवळे पडते. उन्हाळ्यात बांधाला भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात तो फुटतो. शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने असे बांध फोडले आणि अडाणी ठरले. काळीला थोडा ढाळ दिलेला बांध हवा, दगडी सांडवा हवा. मुरमाडाला पाणी जिरवणारा बांध हवा. जमीन पाहून बांध, हे शहाणपण ज्याने शेत कसले त्याला विचारले असते तर मिळाले असते.

कोरडवाहूवाल्यांना वाटते, गिरणेची वाळू हा नदीकाठच्या बागायतदाराचा प्रश्न आहे. तसे नाही. 1969 साली गिरणा धरण पुरे झाले. वरून येणारी बरीचशी वाळू आणि गाळ धरणात अडू लागला. खाली होती तेवढीच वाळू, ती आपण डंपरने उचलतो. वाळूच्या कणांमध्ये पाणी साठते. वाळू गेली की काठच्या विहिरी उतरतात, हे दिसते. न दिसणारी गोष्ट पुढे आहे. नदीचा तळ खाली गेला की तिला मिळणारा नाला आपला तळ खाली खोदू लागतो. मग तो मागे मागे खात वर चढतो, घळ पडते, आणि एका पावसाळ्यात आपल्या बांधाचा कोपरा ढासळतो. वाळू विकली गेली नदीत, जमीन गेली दोन कोस वर. पैसे एकाचे, घळ दुसऱ्याची.

मग करायचे काय? सरकारकडे मागणे आहेच. खर्चाच्या हिशेबात मातीचा घसारा धरा. पण मागायला जाताना हातात आकडा हवा. आखाजी झाली की पहार घ्या. वावराच्या वरच्या अंगाला, मध्ये आणि खालच्या अंगाला खणा. मुरूम लागेपर्यंत किती हात माती आहे ते वहीत लिहा. घरच्या म्हाताऱ्याला विचारा, पूर्वी किती होती, तेही लिहा. यंदा पेरणी उताराला आडवी करा, बांधावर गवत राहू द्या, दादरीची धसकटे उपटू नका. त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.

साहेबाने एकदा आपली माती मोजली ती सारा घ्यायला. आता आपण मोजू, आपले गेले किती ते सांगायला. पुढच्या बैठकीला येताना वही घेऊन या. एवढे बोलून थांबतो.