सुवासाची मात्रा



आंबिया बहार आला कीं विदर्भांतील संत्र्यांच्या बागा पांढऱ्या फुलांनीं भरून जातात आणि त्यांचा दरवळ दूरवर पोंचतो. संत्रें, मोसंबें, लिंबू, नारिंग हीं सारीं एकाच कुळांतील झाडें. पण या कुळांत फुलाच्या सुगंधाकरितां जगभर नांव मिळविलें तें कडू नारिंगानें.

ट्युनिशियांतील नाबुल या गांवीं वसंत ऋतूंत हीं फुलें हातांनीं खुडतात व ताजीं असतांनाच भट्टीवर चढवितात. फुलांतून गेलेली वाफ थंड केली म्हणजे पाण्यावर तेलाचा पातळ थर जमतो. सुमारें १,००० किलो फुलांतून अवघें एक किलो तेल निघतें. त्यास नेरोली म्हणतात. सतराव्या शतकांत इटलींतील नेरोला येथील एका राजस्त्रीनें हें तेल हातमोज्यांना लावण्याची चाल पाडली, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात.

इतक्या कष्टानें काढलेलें हें तेल म्हणजे फुलाचा सुवासच, अशी समजूत असते. परंतु ताजें फूल हुंगून मग कुपी हुंगणाऱ्यास दोहोंतील फरक तेव्हांच कळतो. असें कां व्हावें?

फुलाचा वास एका द्रव्याचा नसतो. अनेक द्रव्यांचा तो मेळ असतो. त्यांतील मोठा वर्ग टर्पीन कुळांतील. या कुळाची उकल करणारे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वालाख यांना १९१० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. लिनालूल, जिरॅनिऑल आणि नेरॉल हीं तीन द्रव्यें पाहा. प्रत्येकाच्या रेणूंत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १८ व ऑक्सिजनचा एक अणु. सामग्री एकच, परंतु मांडणी निराळी; म्हणून वासही निराळा.

दुसरा वर्ग नायट्रोजनयुक्त द्रव्यांचा. मेथिल अँथ्रॅनिलेटचा वास गोड, जड, कांहींसा काळ्या द्राक्षासारखा. त्याचा सोबती इंडोल. आडोल्फ बायर यांनीं १८६६ सालीं निळीपासून मिळविलेल्या द्रव्यापासून तो प्रथम तयार केला. दाट इंडोलला विष्ठेची दुर्गंधि येते. तोच अत्यल्प असला म्हणजे फुलाच्या वासाला भरीवपणा येतो. मोगऱ्यांतही तो आहे. त्याला घाण म्हणून वगळावें, तर उरलेला वास स्वच्छ, पण निर्जीव भासतो.

आतां भट्टीकडे वळूं. लिनालिल अॅसिटेट हें द्रव्य गरम पाण्यांत अंशतः फुटून त्याचें लिनालूल व अॅसेटिक आम्ल होतें. मेथिल अँथ्रॅनिलेटचा कांहीं भाग पाण्यांत विरघळून तेलापासून दुरावतो. तें पाणी मिठाईंत घालतात. तेलांत मुख्यतः हलका, ताजा, किंचित् कडवट भाग उरतो. उलट, हेक्सेनसारख्या द्रावकांत सुवास उतरवून द्रावक उडवून दिला व मेण वेगळें काढलें, तर जो अर्क मिळतो त्यांत इंडोल व अँथ्रॅनिलेट अधिक. तो गडद असून फुलाला जवळचा वाटतो. फूल एकच, पण तेल, पाणी व अर्क यांचे वास तीन. पानें व कोंवळ्या डहाळ्या यांपासून निघणारें स्वस्त तेल नेरोलींत मिसळणारेही असतात. तेव्हां द्रव्यांचीं केवळ नांवें तपासून भागत नाहीं, त्यांचें प्रमाण तपासावें लागतें.

मात्रेचें हें महत्त्व सुवासापुरतेंच नाहीं. जेराल्डीन राइट व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं दाखविलें कीं, या कुळांतील फुलांच्या मधुरसांत अल्पसें कॅफीन असतें. तें अधिक असतें तर कडू लागून मधमाशीनें तोंड फिरविलें असतें. परंतु तें इतकें थोडें असतें कीं तिला कडवटपणा जाणवत नाहीं. आणि असा रस देऊन ज्या माशांना वासाची ओळख करून दिली, त्यांपैकीं तिप्पट माशांना तो वास चोवीस तासांनंतरही आठवत होता. फुलाला परागीभवनासाठीं माशी पुन्हां यावयास हवी असते. आणि तिनें आपला वास विसरूं नये याची तजवीज त्यानें आपल्या रसांतच केलेली असते.