बालकाचे स्वातंत्र्य आणि समाजशीलता : माँटेसरी पद्धतीचा बोध



बालशिक्षणाचा विचार करताना अक्षरओळख आणि अंकज्ञान यांचीच चर्चा प्रामुख्याने होते. रागावर ताबा ठेवणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याचे दुःख जाणणे या गोष्टी मूल आपोआप शिकेल, असे गृहीत धरले जाते. डॉ. मारिया माँटेसरी यांनी हे गृहीतकच तपासून पाहिले.

६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत त्यांनी पहिले ‘बालगृह’ सुरू केले. आईवडील कामावर गेल्यावर मुले इमारतीची नासधूस करतात, ती थांबावी एवढाच इमारतमालकांचा मर्यादित हेतू होता. तेथील एक प्रसंग माँटेसरींनी नोंदवून ठेवला आहे. हातरुमालाने नाक आवाज न करता कसे पुसावे, हे त्यांनी एकदा मुलांना करून दाखवले. मुले हसतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात मुलांनी टाळ्या वाजवल्या. ज्या गोष्टीबद्दल मुलांना सदैव बोलणीच खावी लागत, ती प्रथमच कोणी अपमान न करता शिकवली होती. बालकालाही प्रतिष्ठा असते, हे या प्रसंगाचे सार होय.

या पद्धतीतील सामाजिक शिक्षण उपदेशातून नव्हे, तर वर्गाच्या रचनेतून घडते. तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र असतात. लहान मूल मोठ्याचे पाहून शिकते, मोठे मूल लहानाला मदत करते आणि तुलनेची धार बोथट होते. प्रत्येक साधन साधारणतः एकच ठेवलेले असते. दुसऱ्याच्या हातातील मनोरे हवे असतील, तर त्याचे काम संपेपर्यंत थांबावे लागते. संयम हा येथे रोजचा व्यवहार बनतो. साधनांची रचना अशी, की चूक मुलाच्या स्वतःच्या लक्षात येते. त्यामुळे चुकीशी लाज जोडली जात नाही. पाणी ओतणे, झाडणे, बटणे लावणे अशा जीवनव्यवहाराच्या उद्योगांतून ‘हे मला येते’ हा विश्वास येतो. बक्षीस आणि शिक्षा या दोहोंना स्थान नसते. मात्र स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे; इतरांना त्रास होईल तेथे शिक्षिका मुलाला थांबवते.

या विचारास संशोधनाचा आधारही मिळाला आहे. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात सोडतीने प्रवेश मिळालेली व न मिळालेली मुले यांची तुलना अँजेलिन लिलार्ड व निकोल एल्स-क्वेस्ट यांनी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात माँटेसरी शाळेतील पाच वर्षांची मुले भांडण सोडवताना न्याय-अन्यायाचा विचार अधिक प्रमाणात मांडताना आढळली. अभ्यास लहान व एका शाळेपुरता होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

भारतात या विचाराची मुळे जुनी आहेत. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली; त्या कार्यात ताराबाई मोडक अग्रभागी होत्या. १९३९ मध्ये माँटेसरी स्वतः मद्रासला आल्या. दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला व १९४६ पर्यंत त्यांनी येथे शिक्षकांना प्रशिक्षण दिले.

तथापि, खरा प्रश्न वेगळाच होता. महागडी साधने व शहरी वर्ग यांत अडकलेली पद्धत गरिबांच्या मुलांपर्यंत कशी जाणार? ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू करून त्याचे उत्तर शोधले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्त्यांमध्ये रुजले. शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. अंगणवाडीची कल्पना येथेच आकारास आली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४५ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या बालकांचे संगोपन व शिक्षण हे राज्याच्या प्रयत्नांचे उद्दिष्ट म्हणून नमूद केले. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि सामाजिक-भावनिक विकासास त्यात स्पष्ट स्थान दिले.

धोरण अनुकूल आहे. कसोटी अंमलबजावणीची आहे. अंगणवाडी सेविकेवर आहारवाटप, वजननोंद, लसीकरणास साहाय्य आणि नोंदवह्या यांचा भार असतो. मुलाचे शांतपणे निरीक्षण करण्यास तिला वेळ मिळाला नाही, तर उत्तम साधनेही कपाटातच राहतील. दुसरीकडे, ‘माँटेसरी’ अशी पाटी लावून तीन वर्षांच्या मुलाकडून पाठांतर व लेखन करून घेणारे वर्ग आहेत. पाटीवरील नावापेक्षा मुलाला निवडीची, चुकण्याची आणि थांबण्याची संधी मिळते की नाही, हाच खरा निकष होय.

सान लोरेन्झोतील कामगारांची मुले आणि कोसबाडची वारली मुले यांच्यात एक गोष्ट समान होती. त्यांच्याकडून समाजाला फारशी अपेक्षा नव्हती. सन्मान आणि संधी मिळताच ती बहरली. लोकशाहीला हवा असलेला संयमी, सहिष्णु नागरिक मतदानाच्या वयात अचानक घडत नाही. त्याची घडण अंगणातल्या त्या पहिल्या वर्गात सुरू होते.