भिंतीखाली नाव कोणाचे?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिवेआगर येथे केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला, 'लोकांसमोर रंगणारे भित्तिचित्र'. कोणी म्हणेल, बोलायचे तर आरक्षणावर बोला, चित्राचे काय घेऊन बसलात? पण आम्ही गिरणीत आयुष्य घालवलेली माणसं. हात राबतात तेव्हा ताका तयार होतो, पण दुकानात फक्त ताका दिसतो, हात दिसत नाहीत. उघड्यावर भिंत रंगवणाऱ्याचे तसे नसते. त्याचे हात सगळ्यांना दिसतात. म्हणून हा विषय आपलाच आहे.

2014 साली मुंबईत वांद्र्याला भित्तिचित्रांचा महोत्सव झाला. त्यात एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके यांचे भलेमोठे चित्र रंगवले गेले. फाळके म्हणजे 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढणारे. हे चित्र साकारणारे रणजित दहिया हरियाणातले. त्यांची सुरुवात घरांना सफेदी करण्यापासून झाली. पुढे ते कलाशाळेत शिकले. म्हणजे ज्या हाताने चुना मारला, त्याच हाताने इमारतीवर माणूस उभा केला. चुना मारणारा तेवढाच राहतो, असे समजणाऱ्यांना हे उत्तर आहे.

परदेशातही असे घडले. 1940 साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात मेक्सिकोचे दिएगो रिव्हेरा यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांसमोर चित्र रंगवले. पुढे हलवता यावे म्हणून ते दहा भागांत केले होते. लोक नुसते चित्र पाहायला नव्हे, काम पाहायला येत.

आता आपल्याकडे बघा. पूर्वी 14 एप्रिल आला की वस्तीतला पोरगा ब्रश घेऊन बसायचा. बाबासाहेबांचा चष्मा, कोट, हातातले पुस्तक काढायचा आणि आजूबाजूला पोरांची गर्दी व्हायची. नंतर फ्लेक्स आले. एका रात्रीत बॅनर छापून मिळतो, त्यावर बाबासाहेब छोटे आणि शुभेच्छुक मोठे! ब्रश धरणारा बसला घरी. त्याची रोजी गेली आणि पोरांची शाळाही गेली.

दिवेआगरला पर्यटक समुद्र बघायला येतात. ठीक आहे. पण आपल्या रायगड जिल्ह्याची ओळख फक्त नारळ-सुपारी आणि किनारा एवढीच नाही. तळा तालुक्यात मांदाडजवळ कुडा लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यात माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्याच्या घरची माणसे आहेत. राजांची नावे तर कुठेही सापडतात. फुले विकणाऱ्याचे नाव दगडात राहिले, ही धम्माची शिकवण. आणि याच जिल्ह्यात महाडला 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. हे आपल्या भिंतीवर कधी येणार?

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, येत्या बुद्धपौर्णिमेला विहाराच्या आवाराची भिंत चित्रकाराकडून दिवसाउजेडी, सर्वांसमोर रंगवून घ्या. खाऱ्या हवेत ओली भिंत रंग धरत नाही. म्हणून पावसाळ्याच्या आधी, भिंत कोरडी असताना, जुना चुना खरवडून घ्या. चौकटी आखायला पोरांना आणि पोरींनाही हाताशी द्या. दुसरी, काय काढायचे ते चार पुढाऱ्यांनी ठरवू नये. महिला मंडळाला विचारा, म्हाताऱ्यांना विचारा. तिसरी सूचना सगळ्यात महत्त्वाची. चित्रकाराला शाल-नारळ देऊन वाटेला लावू नका. रोजाचे पैसे आधी ठरवा आणि वेळेवर द्या. 'समाजाचे काम आहे, फुकट कर' हे वाक्य आम्ही फार ऐकले आहे. बाबासाहेबांनी कामगारांसाठी पक्ष काढला, तो काय फुकट राबायला?

आणि भिंतीच्या खाली देणगीदारांची यादी नको. रंगवणाऱ्याचे नाव लिहा, सोबत ब्रश धुणाऱ्या पोरांची नावे लिहा. दोन-चार पावसाळ्यांनी रंग उडेल. उडू द्या. तोवर त्या पोरांतलाच एखादा भिंत पुन्हा रंगवायला तयार झालेला असेल.

एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम!