प्रश्नावलीमागचा माणूस

(नाशिक येथे मानसशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे अखेरचे सत्र सुरू झाले, की मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या घरात एक वेगळीच लगबग दिसू लागते. टेबलावर प्रश्नावल्यांचे गठ्ठे असतात, मार्गदर्शकांनी तांबड्या शाईने रंगविलेली प्रकरणे असतात आणि स्वयंपाकघरातून आईचा प्रश्न येतो, "एकदाचा तो प्रकल्प संपणार तरी कधी?" प्रश्न मायेचाच आहे. परंतु 'संपविणे' आणि 'पूर्ण करणे' या दोन क्रियापदांत जे अंतर आहे, त्याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रकल्प कोठे अडतो? विषय निवडताना सहसा अडत नाही. संदर्भग्रंथ वाचतानाही नाही. तो अडतो माहिती गोळा करताना. दीडशे जणांकडून प्रश्नावली भरून घ्यावयाची असते आणि हाती आलेल्या असतात नव्वद. सादर करण्याची तारीख पंधरा दिवसांवर आलेली असते. अशा एखाद्या रात्री मोह उभा राहतो. उरलेल्या साठ प्रश्नावल्या घरीच बसून भरल्या, तर कोणाला कळणार आहे? निळ्या शाईचे पेन, काळ्या शाईचे पेन, थोडी डावी-उजवीकडची खूण, झाले काम! बाजारात तयार प्रबंध विकत देणारेही भेटतात. आणि मनाची समजूत घालायला एक वाक्य सदैव तयार असते, 'हा तर केवळ परीक्षेपुरता प्रकल्प. तो वाचणार कोण?'

या प्रश्नाचे उत्तर धारवाडमध्ये सापडते. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये मुलांची बौद्धिक पातळी मोजण्याची श्रेणी तयार केली. ती भारतीय मुलांना जशीच्या तशी लावता येणार नाही, हे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ओळखले. पॅरिसच्या किंवा अमेरिकेच्या मुलाला जे घरोघरी दिसते, ते धारवाडच्या मुलाने पाहिलेलेच नसेल, तर त्याचे उत्तर चुकणे हा त्याच्या बुद्धीचा दोष कसा? म्हणून कामतांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी त्या श्रेणीचे रूपांतर केले. प्रत्यक्ष मुलांना समोर बसवून एकेक प्रश्न तपासला आणि १९४० मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. 'बिने-कामत चाचणी' हे नाव आजही मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओठांवर आहे. बौद्धिक विकासात मागे पडलेल्या बालकाची तपासणी करताना ही चाचणी कित्येक दशके भारतभर वापरली गेली. एखाद्या मातेच्या हाती आपल्या लेकराविषयीचे जे प्रमाणपत्र पडले, त्याच्या मुळाशी कामतांनी प्रामाणिकपणे केलेल्या नोंदी होत्या. त्यांतील काही नोंदी त्यांनी रात्री घरी बसून कल्पनेने भरल्या असत्या, तर? अनोळखी घरांतल्या किती बालकांवर चुकीचा शिक्का बसला असता!

उलट उदाहरणही डोळ्यांसमोर असावे. नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठाचे डिडेरिक स्टापेल हे सामाजिक मानसशास्त्रातले मोठे नाव होते. २०११ मध्ये उघडकीस आले, की त्यांच्या अनेक शोधनिबंधांतील आकडे त्यांनी स्वतःच रचले होते. पन्नासहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. सर्वांत करुण गोष्ट अशी, की त्यांनी पुरविलेल्या आकड्यांवर विश्वासून ज्या तरुणांनी आपले प्रबंध लिहिले, त्यांच्या वर्षानुवर्षांच्या कष्टांवरही पाणी पडले. ही लबाडी उघडकीस आणली ती तेथल्याच तरुण संशोधकांनी. गुरुस्थानी असलेल्या व्यक्तीविषयी शंका घेण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, म्हणून त्या ज्ञानशाखेची लाज राखली गेली.

आता आपल्या गोदातीराकडे येऊ. २७ ऑगस्ट २००३ हा दिवस नाशिककर विसरलेले नाहीत. सिंहस्थातील शाहीस्नानाच्या दिवशी पंचवटीत चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक भाविकांचे प्राण गेले. २०१५ चे सिंहस्थ अशा दुर्घटनेविना पार पडले. त्यानंतरचे सिंहस्थ २०२६-२७ चे. रस्ते रुंद करता येतात, कठडे उभारता येतात. पण गर्दीतला माणूस कसा विचार करतो, कोणाची सूचना ऐकतो, केव्हा घाबरतो आणि केव्हा शेजारच्याला हात देतो, हे सांगण्याचे काम मानसशास्त्राचे आहे.

प्रयागला असे काम झाले आहे. भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून तेथील माघमेळ्याचा अभ्यास केला. महिनाभर कल्पवास करणारे ४१६ यात्रेकरू आणि मेळ्यास न गेलेले १२७ जण यांना मेळ्याच्या एक महिना आधी आणि मेळा संपल्यावर एक महिन्याने तेच प्रश्न विचारले. कडाक्याची थंडी, गोंगाट, दाटी. एवढे सोसूनही कल्पवासींना वाटणारे स्वास्थ्य इतरांच्या तुलनेत वाढलेले आढळले. २०१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

विद्यार्थ्यांनी या अभ्यासाची रचना पाहावी. केवळ मेळ्यात जाऊन 'कसे वाटते?' असे विचारले असते, तर काहीच सिद्ध झाले नसते. आधीची स्थिती ठाऊक होती, म्हणून नंतरचा बदल कळला. न गेलेल्यांचा गट सोबत होता, म्हणून तुलना करता आली. निष्कर्ष श्रद्धेला अनुकूल निघाला म्हणून तो मोलाचा नव्हे; तो प्रतिकूल निघण्यालाही तेवढीच मोकळीक होती, म्हणून मोलाचा!

नाशिक जिल्ह्यात विषयांची वाण नाही. निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागायतदार गारपिटीच्या दिवसांत कोणता ताण सोसतो? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या कामगाराच्या झोपेचे आणि संसाराचे काय होते? सुरगाणा-पेठचा विद्यार्थी वसतिगृहात आल्यावर एकटा पडतो का? मात्र येथे भाषेचे भान हवे. इंग्रजी प्रश्नावलीचे पुस्तकी मराठी भाषांतर सटाण्याच्या अहिराणी बोलणाऱ्या आजीपुढे किंवा कोकणा पाड्यावरील तरुणापुढे ठेवले, तर ती माणसे सौजन्याने 'हो' म्हणतील. पण ते उत्तर नव्हे. भाषांतर दुसऱ्याकडून पुन्हा मूळ भाषेत करून ताडून पाहावे, आधी दहा-पंधरा जणांवर प्रश्न पडताळून पाहावेत आणि मगच मुख्य काम हाती घ्यावे. चाचणी दुसऱ्याची असेल तर तिच्या कर्त्याची अनुमती घ्यावी. उत्तर देणाऱ्याची संमती घ्यावी, त्याचे नाव गुप्त राखावे आणि नको वाटल्यास मध्येच थांबण्याचा त्याचा अधिकार मानावा.

मग त्या अपुऱ्या साठ प्रश्नावल्यांचे काय? मार्ग सरळ आहे. मार्गदर्शकांना वेळीच सांगावे. नव्वदच मिळाल्या, तर प्रबंधात नव्वदच लिहाव्यात आणि मर्यादांच्या प्रकरणात त्याचे कारण द्यावे. गृहीतक खरे ठरले नाही, तर तेही निःसंकोच नोंदवावे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा निम्म्याहून अधिक अभ्यासांत पूर्वीचा निष्कर्ष पुन्हा हाती आला नाही. 'फरक आढळला नाही' हे वाक्य दडपण्याची सवय जगभरातल्या विद्वानांनाही किती महागात पडली, हे त्यावरून दिसते. फरक न आढळणे हेसुद्धा ज्ञानच आहे.

पालकांनाही एक विनंती. मुलगी सायंकाळी प्रश्नावल्या घेऊन वस्तीवर निघाली, तर 'एवढी खटपट कशाला?' असे म्हणू नका. शक्य तर तिच्यासोबत जा. तौलनिक गुणपत्रिका दोन वर्षांत कपाटात जाईल. पण अडचणीच्या रात्रीही तिने खोटी खूण केली नाही, हा संस्कार तिच्या पुढच्या सर्व कामांत सोबत राहील. उद्या तिच्यासमोर एखादा व्यथित माणूस बसेल आणि ती त्याच्याविषयी अहवाल लिहील. तो अहवाल खरा असेल की नाही, हे आज त्या साठ कोऱ्या कागदांपुढे ठरत आहे.

प्रश्नावलीचा प्रत्येक कागद म्हणजे कोणीतरी आपल्या मनाचे दार किलकिले करून दिलेला विश्वास आहे. त्या विश्वासाला जागावे आणि मगच शेवटच्या पानावर स्वाक्षरी करावी. प्रकल्प पूर्ण झाला, तो तेव्हा!