मधल्या दोन वर्षांचे गिऱ्हाईक



सेंद्रिय शेतीवरच्या परिषदेचे स्वागताध्यक्षपद जिच्या नावावर वीतभर बांध नाही अशा बाईला कशाला, असे मी स्वागत समितीला विचारले होते. “तुम्ही रोज पिशवी घेऊन बाजारात जाता, तेवढी पात्रता पुरे,” असे उत्तर मिळाले. तेव्हा आज मी बोलणार ती पिशवीच्या बाजूने.

स्टेशनबाहेर मेथीची जुडी घेताना आम्ही काय करतो, ते आधी कबूल करते. पूर्वी पानाला भोक दिसले की जुडी परत टाकायचो. आता तेच भोक भाजीवाल्याला दाखवतो आणि विचारतो, “फवारा मारलेला नाही ना?” तोही हुशार, म्हणतो, “ताई, किडीने खाल्लंय, म्हणजे बघा!” भोकाला भाव आला! पण फवारणी करूनही कीड आटोक्यात आली नाही, तरी पानाला भोक पडतेच, हे समोर बसलेले शेतकरी जाणतात.

आमचा दुसरा भरवसा मिठाच्या पाण्यावर. पानावरचे बरेचसे त्याने जाते. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात उतरलेले असते, ते धुऊन कसे जाणार? आणि तिसरा भरवसा शब्दांवर. गावठी, नैसर्गिक, विषमुक्त, सेंद्रिय हे सगळे आमच्या लेखी एकच. लोकलच्या खिडकीतून रुळांच्या कडेचे पालकाचे हिरवेगार वाफे आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यात रासायनिक खत घातले नसेलही. पण शेजारून वाहणारा नाला दिसतोच. पाणी कुठले, हा प्रश्न मात्र आम्ही क्वचितच विचारतो.

कायद्याने आपल्या परीने वाट आखली आहे. निर्यातीचा विचार करून 2001 साली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आला. देशातल्या गिऱ्हाइकासाठी 2017 चे नियम आले आणि पाकिटावर ‘जैविक भारत’चे चिन्ह दिसू लागले. शिवाय सहभाग हमी पद्धत आहे. तीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो, आणि या तपासणीला ग्राहकालाही जाता येते. उपनगरांतून किती जण गेलो? मी तरी गेले नव्हते. पहिल्यांदा गेले ते याच परिषदेच्या तयारीसाठी.

वाडा तालुक्यातल्या त्या बांधावर एक गोष्ट मला नव्याने कळली. रसायने सोडली की दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र मिळत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नियमांत हंगामी पिकाला साधारण दोन वर्षे आणि आंब्या-चिकूसारख्या फळझाडांना तीन वर्षे रूपांतरणाचा काळ आहे. या काळात उत्पन्न बहुधा घटते, निंदणीची मजुरी वाढते, आणि माल मात्र साध्या भावाने विकावा लागतो, कारण पाकिटावर सेंद्रिय म्हणून लिहिता येत नाही. तिथले एक काका म्हणाले, “प्रमाणपत्र मिळाल्यावर सगळेच येतील हो, आत्ता कोण येतं?”

मंडळी, आजच्या परिषदेतले माझे म्हणणे एवढेच आहे. सेंद्रिय मालावर उपनगरातल्या ग्राहकाचा विश्वास नाही, असे म्हणतात. मला वाटते, विश्वास आम्हाला हवा आहे, पण तो तयार, पाकीटबंद हवा आहे. तो पिकवण्याच्या दोन वर्षांत आम्ही कुठेच नसतो. मग शेतकरी मध्येच परत युरियाकडे वळला, तर त्याला बोल कसा लावायचा?

एकत्र येऊन खरेदी करणे आपल्याला नवे नाही. विलेपार्ल्याच्या मुंबई ग्राहक पंचायतीने 1975 पासून शेजारची कुटुंबे जोडून महिन्याचा किराणा घरपोच करण्याची रीत मुंबईत रुजवली. तीच रीत भाजी-तांदळाला लावू या. दहा-वीस घरांनी रूपांतरणातला एक गट धरावा, हंगामाआधी थोडी रक्कम द्यावी, वर्षातून दोनदा बांधावर जावे आणि बी, खत, पाणी, फवारा याबद्दल मोकळेपणाने विचारावे. शेतकरी बांधवांनाही एक विनंती: पीक बिघडले म्हणून कधी फवारावे लागले, तर तेही सांगा. लपवलेला एक फवारा दहा वर्षांची ओळख मारतो.

दुपारच्या जेवणातला भात त्याच वाड्याच्या शेतातला आहे. पंक्तीजवळच्या फळ्यावर आम्ही मुद्दाम लिहिले आहे: ‘रूपांतरणाचे दुसरे वर्ष. प्रमाणपत्र अजून नाही.’ भात वाढायला ते काका आणि त्यांच्या गटातले शेतकरी स्वतः उभे राहणार आहेत. पान वाढून झाले की लगेच पुढे सरकू नका. त्यांना चार प्रश्न विचारा.

जागा अपुरी आहे, पंखे कमी आहेत, व्यवस्थेत उणिवाही राहिल्या असतील. त्या आमच्या पदरात घाला आणि आम्हाला सांभाळून घ्या. एकच मागते: येत्या हंगामात प्रत्येकाने प्रमाणपत्र नसलेल्या, पण ओळखीच्या एका शेतकऱ्याचे गिऱ्हाईक व्हावे.