केबलची वायर, कलेक्टर आणि आपण

(कार्यकर्त्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मालिकांमधल्या बायका कशा दाखवतात यावर आपण पुष्कळ बोललो आहोत. आज मला बोलायचंय ते आपल्या गावच्या केबलवर दिसणाऱ्या स्थानिक वाहिनीबद्दल. वाढदिवसाच्या शुभेच्छा, सराफाची जाहिरात, कुणाच्या तरी हस्ते उद्घाटन, आणि मधूनमधून गावातली 'ब्रेकिंग न्यूज'. तिच्यावर लक्ष कोण ठेवतं?

मागे तालुक्याच्या एका गावात शाळकरी मुलीवर अत्याचार झाला. वाहिनीने नाव घेतलं नाही, चेहराही दाखवला नाही. पण गल्ली दाखवली, घराचं दार दाखवलं, वडिलांच्या दुकानाची पाटी दाखवली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. कार्यकर्त्या तक्रार घेऊन गेल्या तर साहेब म्हणाले, "नाव कुठं घेतलंय?" पॉक्सो कायद्याचं २३ वं कलम वाचा. पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजारपाजार, ओळख पटेल असं काहीही माध्यमांनी जाहीर करायचं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय.

आता केबलचा कायदा. तो १९९५ चा. कारवाईचे अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत आणि पोलीस आयुक्तांकडे आहेत. कार्यक्रम संहितेत स्त्रियांची अवहेलना करणाऱ्या चित्रणाला बंदी आहे. जाहिरात संहिता तर म्हणते, की बाईला घरात नि समाजात दुय्यम, पडखाऊ दाखवू नये. आपल्या कित्येक जाहीरनाम्यांपेक्षा हे कडक आहे! पण ग्रामपंचायत, नगरपालिका यांचा संबंध खांबावरून वायर नेण्यापुरता. केबलवाल्याची नोंदणी पूर्वी पोस्टात व्हायची, जानेवारी २०२५ पासून ती थेट केंद्राच्या मंत्रालयाकडे गेली. माणूस आपल्या गल्लीतला, नोंद दिल्लीत.

मग आपल्या हाती काय? २००५ साली केंद्राने आदेश काढला की केबलवरच्या मजकुरावर लक्ष ठेवायला जिल्हा पातळीवर समिती असावी, आणि २००८ साली त्याची मार्गदर्शक तत्त्वं आली. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त. सदस्यांत महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य, मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी आणि स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी. म्हणजे आपली खुर्ची कागदावर आहे. तिच्यावर कोण बसलंय, की ती रिकामीच आहे, हे आपण कधी विचारलंय? उपग्रह वाहिनीची तक्रार असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे आधी त्या वाहिनीकडेच जायचं, तिने १५ दिवसांत निर्णय द्यायचा. स्थानिक वाहिनीसाठी मात्र जवळचं दार जिल्ह्याचंच.

अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने नगरपालिकेला केबल कंपनीच्या उत्पन्नातून ५ टक्क्यांपर्यंत शुल्क घेता येतं, आणि नागरिकांसाठी, शिक्षणासाठी राखीव वाहिन्याही मागता येतात. राखीव वाहिनीवर काय दाखवावं ते कंपनी ठरवत नाही. आपल्याकडे केबलचा करमणूक कर वर्षानुवर्षं सरकारजमा होत होता, पण त्यातून बचत गटाच्या बायकांना आठवड्याला अर्धा तास मिळावा, हे कुणाला सुचलं नाही.

इथे एक धोका सांगते. त्याच संहितेत 'सभ्यता' आणि 'अभिरुची' हेही शब्द आहेत. कुणाची अभिरुची? मासिक पाळीवरचा आपला कार्यक्रम किंवा आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याची मुलाखत, या दोन्हींवर उद्या कुणीतरी हेच शब्द घेऊन येईल. कलेक्टरांनी आमच्या वतीने सेन्सॉर व्हावं, अशी मागणी मी करणार नाही. ओळख उघड करणं, हुंड्याचं कौतुक, बाईला मारहाण विनोद म्हणून दाखवणं, याविरुद्ध नेमकं कलम दाखवून तक्रार करायची. अंगभर कपडे नाहीत म्हणून नव्हे. यावर आपल्यात मतभेद आहेत, जेवणानंतर भांडू.

आणि नुसती तक्रार किती दिवस करायची? ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलं. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ काढता येतो. तेलंगणात माचनूर गावी दलित बाया २००८ पासून 'संगम रेडिओ' चालवतात. माईक त्यांच्या हातात, बियाणांपासून बाळंतपणापर्यंतचे विषय त्यांचे. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे. २०२४ च्या नव्या धोरणानुसार अशा केंद्राच्या सल्लागार व मजकूर समितीत निम्म्या तरी स्त्रिया हव्यात. बातम्यांवर बंधन अजून आहे, आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या पुन्हा देता येतात. म्हणजे पाण्याच्या टँकरमधला घोटाळा बातमी म्हणून सांगायला अडचण, हे मला पटत नाही.

प्रत्येक जिल्ह्यातून एक माहिती अधिकाराचा अर्ज जायला हवा. समिती स्थापन झाली का, सदस्य कोण, गेल्या तीन वर्षांत बैठका किती, इतिवृत्ताच्या प्रती द्या. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो, म्हणून मसुदा आखूड ठेवलाय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. प्रती माझ्याकडे आहेत, चहाच्या वेळी घ्या, आणि कुठल्या जिल्ह्याचा अर्ज कोण टाकणार ते वहीत लिहून जा.